डॉक्टर झाल्यावर प्रयोगशाळेत कशाला?

(मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कर्करोगाच्या संशोधनाविषयी बोलायला आम्हांला उभे केले याचे काहींना नवल वाटले असेल. आम्ही डॉक्टर नाही आणि शास्त्रज्ञही नाही. मराठी व इतिहास घेऊन बी.ए. झालो आणि गेली वीस-बावीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसलो आहोत. परंतु शैक्षणिक कर्जाचे अर्ज आमच्या टेबलावरून जातात. त्यामुळे कोणाचा मुलगा काय शिकतो, कोणाच्या मुलीला कुठे प्रवेश मिळाला, हप्ता कोण भरणार आणि कशातून भरणार, हे सारे आम्हांला जरा आधी कळते. आपल्या वस्तीतील मुले-मुली आता वैद्यकीय महाविद्यालयांत जाऊ लागली आहेत. त्यांच्यापैकी एकीने दोन-तीन वर्षांपूर्वी असा एक प्रश्न उभा केला की चार घरांत त्याची चर्चा झाली, काही ठिकाणी भांडणेही झाली. त्या प्रश्नावर आज बोलायचे आहे.

प्रश्न असा : एम.बी.बी.एस. झालेल्या मुलीने दवाखाना टाकायचा, नोकरी धरायची किंवा एम.डी.ला बसायचे सोडून पाच-सहा वर्षे प्रयोगशाळेत घालवून पीएच.डी. का करावी?

आधी शब्दांचा घोळ मिटवू, कारण आमच्या टेबलावर येणारे निम्मे पालक एम.डी. आणि पीएच.डी. यांत गल्लत करतात. आपल्याकडे एम.बी.बी.एस. ही डॉक्टरकीची पहिली पदवी. साडेचार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. त्यानंतर तीन वर्षांची एम.डी. किंवा एम.एस. म्हणजे तज्ज्ञ डॉक्टर. अमेरिकेत मात्र एम.डी. हीच डॉक्टरकीची पहिली पदवी. पीएच.डी. ही त्याहून निराळी गोष्ट आहे. तिथे रोग्यावर उपचार शिकवीत नाहीत. आजवर कोणालाच ठाऊक नसलेली एखादी गोष्ट, मग ती कितीही लहान असो, स्वतः शोधून पुराव्यानिशी मांडायची, याला ती पदवी आहे. अमेरिकेत या दोन्ही पदव्या एकत्र करण्याची सोय आहे. तिथल्या सरकारने १९६४ पासून अशा विद्यार्थ्यांना पैसा द्यायला सुरुवात केली. विद्यार्थी साधारण दोन वर्षे वैद्यकशास्त्र शिकतो, मग वर्ग सोडून तीन-चार किंवा अधिक वर्षे प्रयोगशाळेत जातो, प्रबंध पुरा करतो आणि पुन्हा रुग्णालयात येऊन उरलेली डॉक्टरकी पुरी करतो. एकूण आठ वर्षांच्या आसपास. परत येतो तेव्हा त्याच्याबरोबरचे केव्हाच डॉक्टर होऊन गेलेले असतात. जे त्याला मागच्या बाकावरचे म्हणून ठाऊक होते, ते आता वॉर्डात त्याला हुकूम सोडतात. ज्या घरात एकच मुलगा शिकतो आहे, त्या घराला हे किती जड जाईल, हे आपण समजू शकतो.

आपल्याकडे बहुधा आधी एम.बी.बी.एस. आणि मग पीएच.डी. असा मार्ग आहे. एम.बी.बी.एस.नंतर थेट पीएच.डी.ला घेणाऱ्या संशोधन संस्था देशात आहेत. फार थोडे डॉक्टर तिकडे वळतात, ही गोष्ट वेगळी.

आमच्या शेजारची ती मुलगी वळली. तिचे नाव घेत नाही; तिला ते आवडणार नाही. शासकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली, आणि बंधपत्राप्रमाणे एक वर्ष ग्रामीण भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रात काढले. तिथे तिच्यापुढे तोंडाच्या कर्करोगाचे रोगी आले. मिश्री लावणाऱ्या बाया, तंबाखू-गुटखा खाणारे तिशी-पस्तिशीतले पुरुष. (गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती कशी पाळली जाते हे पानपट्टीवर जाऊन पाहावे.) तोंड उघडत नाही, गालाला आतून जखम, आणि येतात केव्हा, तर गिळता येईनासे झाल्यावर. त्यांना चिठ्ठी देऊन मुंबईला पाठवायचे, एवढेच तिच्या हाती होते. काही जण शस्त्रक्रिया आणि औषधे घेऊन परत येत, आणि वर्षभराच्या आत पुन्हा तीच गाठ. पहिल्या वेळी ज्या औषधाने गाठ विरघळली, दुसऱ्या वेळी त्याच औषधाने ती का विरघळत नाही, हे तिने वरिष्ठांना विचारले. पुस्तकातले उत्तर मिळाले, पण त्याने तिचे समाधान झाले नाही. वर्ष संपल्यावर तिने घरी सांगितले की आपण पीएच.डी. करणार, कर्करोगाच्या पेशींवर.

घरात काय झाले असेल त्याची कल्पना करा. वडील महापालिकेत चतुर्थ श्रेणीत. धाकटा भाऊ बारावीला. घरातली पहिली डॉक्टर. आजी म्हणाली, "एवढं डागदर केलं आणि आता उंदराला सुया टोचणार?" वडील आमच्याकडे आले, "तुम्ही समजावा तिला, तुमचं ऐकते." आम्ही गेलो. समजावण्याआधी ऐकून घ्यावे म्हणून तिला म्हटले, "तू तिथे दिवसभर करणार काय, ते आधी आम्हांला सांग." तेव्हा ती म्हणाली, "काका, एक दिवस या आणि बघा." तिला प्रवेश मिळाल्यावर, संस्थेची रीतसर परवानगी काढून, आम्ही गेलो आणि पाहिले.

त्या दिवसाचे वर्णन जरा सविस्तर करतो, कारण आपल्या मुलांना 'शास्त्रज्ञ' म्हटले की सिनेमातल्या रंगीत धूर निघणाऱ्या काचेच्या नळ्या दिसतात.

कपाटासारखी एक पेटी असते, तिला इन्क्युबेटर म्हणतात. तिच्यात माणसाच्या अंगाइतकी, म्हणजे ३७ अंश सेल्सिअस उष्णता आणि पाच टक्के कार्बन डायऑक्साइड राखलेला असतो. आत चपट्या प्लॅस्टिकच्या बाटल्या आडव्या ठेवलेल्या. त्यांच्या तळाला, डोळ्यांना न दिसणाऱ्या, कर्करोगाच्या जिवंत पेशी चिकटलेल्या असतात. वर गुलाबी-लाल द्रव असतो, ते त्यांचे अन्न. पेशी खातात, वाढतात, त्यांच्या आम्लाने तो द्रव पिवळट होत जातो. पिवळा दिसला की अन्न बदलायचे. ही गोष्ट दर दोन-तीन दिवसांनी करावीच लागते. पेशींना रविवार कळत नाही, गणपती कळत नाहीत, चौदा एप्रिलही कळत नाही. ती मुलगी त्या वर्षी जयंतीच्या दिवशी सकाळी सात वाजता प्रयोगशाळेत गेली, बाटल्यांचे अन्न बदलले आणि मग मिरवणुकीला आली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

तिचा प्रयोग असा. तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींना अन्नाबरोबर औषधाचा अगदी थोडा अंश द्यायचा. बऱ्याच मरतात, थोड्या जगतात. जगलेल्या वाढवायच्या, मग औषध किंचित वाढवायचे. पुन्हा बऱ्याच मरतात. असे करत करत महिने जातात, आणि शेवटी त्या औषधाला पुरेपूर सरावलेल्या पेशींची एक जात हाती येते. आता मूळ पेशी आणि या सरावलेल्या पेशी शेजारी-शेजारी ठेवून विचारायचे : तुमच्यात फरक काय पडला? औषध आत येऊ देत नाही म्हणून वाचता, आत आलेले बाहेर फेकता म्हणून वाचता, की औषधाने केलेली मोडतोड झटपट दुरुस्त करता? बोलायला दोन वाक्यांचा हा प्रश्न आहे. तिची तीन वर्षे त्यात गेली आहेत.

मधे एकदा सकाळी तिने पेटी उघडली तर बाटल्यांत बुरशी. पांढरे धागे तरंगत होते. हवेतला एखादा कण, हातमोज्याचा एखादा स्पर्श, कारण काहीही असेल. सगळ्या बाटल्या फेकाव्या लागल्या, पेटी धुऊन निर्जंतुक करावी लागली. काही पेशी तिने आधीच उणे १९६ अंशांच्या लिक्विड नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवल्या होत्या. त्या पुन्हा जाग्या करून काम चालू झाले, पण जवळजवळ चार महिने मागे गेले. आमच्या बँकेत दिवसाअखेर मेळ बसला नाही तर रात्री आठ वाजले तरी कोणी घरी जात नाही, आणि फरक सापडतोच. तिथे फरक सापडेल याचीच खात्री नसते. वर्षभर मेळ बसला नाही तरी दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या वहीच्या पानावर तारीख घालून सुरुवात करायची. वही मात्र आमच्यासारखीच : पाने क्रमांकित, खाडाखोड करायची तर एक रेघ मारून सही, पान फाडायचे नाही. हे पाहून आम्हांला बरे वाटले.

या पेशींची एक कहाणी इथे सांगितली पाहिजे. जगातल्या असंख्य प्रयोगशाळांत 'हेला' नावाच्या पेशी वाढवतात. त्या हेन्रिएटा लॅक्स नावाच्या काळ्या अमेरिकन बाईच्या. पाच मुलांची आई, वय ३१. १९५१ मध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग घेऊन ती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेली. तिथे काळ्यांचे वॉर्ड वेगळे होते. तिच्या गाठीचा तुकडा तिला न विचारता काढून डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत दिला गेला. तोवर माणसाच्या पेशी बाटलीत काही काळ जगून मरून जात. या मेल्या नाहीत, दिवसागणिक दुप्पट होत राहिल्या. बाई त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारली. तिच्या पेशींवर जगभर संशोधन झाले, कंपन्यांनी त्या विकल्या, आणि घरच्यांना वीस-बावीस वर्षे पत्ता नव्हता. एका मोठ्या कंपनीने वारसांशी तडजोड केली ती २०२३ साली. आज रोग्याच्या गाठीचा तुकडा संशोधनासाठी घ्यायचा तर त्याची लेखी संमती लागते, नीतिविषयक समितीची मंजुरी लागते. आमच्या मुलीने सांगितले की संमतीचा कागद ती स्वतः रोग्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवते, अंगठा घेऊन मोकळी होत नाही. आपल्यातले कोणी त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले तर काय फरक पडतो, याचे उत्तर आम्हांला तिथे दिसले.

त्याच जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पुण्याच्या एक बाई काम करून आल्या होत्या. डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. त्यांनी डॉक्टर व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. त्या जीवशास्त्राकडे गेल्या. डॉ. खानोलकरांच्या हाताखाली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. १९४९ मध्ये मिळवली, अमेरिकेहून परत आल्या आणि परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली. भारतातली ती पहिली. तीच संस्था पुढे वाढत वाढत २००२ पासून खारघरला टाटा मेमोरियलच्या मोठ्या संशोधन केंद्रात गेली आहे. आपली मुले हार्बर लाइनने रोज तिच्या अंगावरून जातात.

आता ज्या माणसासाठी आम्ही एवढी प्रस्तावना केली त्याच्याकडे येतो. वडील जेव्हा म्हणाले, "डॉक्टर होऊन प्रयोगशाळेत गेलेल्याचं कधी भलं झालंय का?" तेव्हा आम्ही ग्रंथालयात गेलो आणि येल्लाप्रगडा सुब्बाराव यांची हकिगत वाचून काढली.

सुब्बाराव १८९५ चे, आंध्रातल्या भीमावरमचे. घरची गरिबी. मॅट्रिक तिसऱ्या खेपेला पास झाले, हे आज ज्यांना टक्के कमी पडले त्यांनी ऐकून ठेवावे. दोन भाऊ संग्रहणीसारख्या आजाराने थोड्या दिवसांच्या अंतराने गेले. इंग्रजीत त्या आजाराला स्प्रू म्हणतात. सासऱ्यांच्या मदतीने मद्रासला वैद्यकीय शिक्षण घेतले. असहकाराचे दिवस होते, शस्त्रक्रियेच्या वेळी खादीचा अंगरखा घातला म्हणून इंग्रज प्राध्यापकाची मर्जी गेली आणि एम.बी.बी.एस.ऐवजी खालच्या दर्जाचे प्रमाणपत्र हाती पडले. त्या कागदामुळे पुढची दारे बंद. १९२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ते बोस्टनला हार्वर्डला पोहोचले. पत्नीला मागे ठेवून गेले ते पुन्हा कधीच परत आले नाहीत. खिशात पैसे नाहीत, म्हणून एका रुग्णालयात रात्रपाळीचे हमाल झाले. रोग्यांची भांडी उचलणे, साफ करणे हे काम. म्हणजे रात्री डॉक्टरच वॉर्डबॉय, दिवसा तोच विद्यार्थी.

फिस्के नावाच्या प्राध्यापकाबरोबर त्यांनी रक्तातला आणि मूत्रातला फॉस्फरस मोजण्याची एक सोपी पद्धत १९२५ मध्ये प्रसिद्ध केली. तिला दोघांचे नाव आहे, आणि पुढे कित्येक दशके ती जगभर वापरली गेली. मग स्नायूंना बळ कुठून मिळते, यावरचे काम. पीएच.डी. मिळाली १९३० मध्ये, वयाच्या पस्तिशीत. एवढे करून हार्वर्डमध्ये कायमची जागा मिळाली नाही ती नाहीच. १९४० मध्ये ते लेडर्ली नावाच्या औषध कंपनीत गेले.

इथे आमच्या परळचा धागा येतो. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई मुंबईला आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक विचित्र पंडुरोग होई; रक्तातल्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या, पण संख्येने फार कमी, आणि त्यात बायका दगावत. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये विल्सबाईंनी या बायकांचे रक्त तपासले, त्या काय खातात ते पाहिले, प्राण्यांवर प्रयोग केले, आणि १९३१ मध्ये दाखवून दिले की यीस्टपासून बनवलेला मार्माइट नावाचा स्वस्त पदार्थ दिला की या बायका सुधारतात. त्यात काहीतरी होते. काय ते कळत नव्हते. पुढे त्याचे नाव पडले फोलिक ॲसिड. आज गरोदर बायकांना सरकारी दवाखान्यातून लोहाबरोबर ज्या गोळ्या मिळतात, त्यांत तेच असते. आपल्यापैकी कित्येकांच्या आज्या-पणज्या गिरण्यांत होत्या. जगातल्या एका जीवनसत्त्वाचा शोध ज्या बायकांच्या रक्तावरून लागला, त्या कष्टकरी बायकांची नावे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. असो.

सुब्बारावांच्या हाताखालच्या मंडळींनी १९४५ च्या सुमारास हे फोलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार केले. ज्या आजाराने त्यांचे भाऊ गेले, त्यावरही ते लागू पडते. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर तेव्हा रक्ताचा कर्करोग झालेल्या लहान मुलांवर उपचार करीत. त्या वेळी या मुलांना काहीच उपाय नव्हता. काही आठवड्यांत, काही महिन्यांत मूल जाई. फार्बरनी फोलिक ॲसिडच्या जातीची द्रव्ये मुलांना देऊन पाहिली, तर रोग उलट भडकतोय असे त्यांना दिसले. कोणीही घाबरून तिथेच थांबला असता. त्यांनी विचार केला : ज्या अन्नाने रोग वाढतो, ते अन्न तोडले तर? फोलिक ॲसिडसारखे दिसणारे, पण त्याच्या जागी बसून काम अडवणारे द्रव्य पाहिजे. नकली किल्ली कुलपात शिरते पण फिरत नाही, आणि तिच्यामुळे खरी किल्लीही आत जात नाही, तसे. सुब्बारावांच्या प्रयोगशाळेने तशी द्रव्ये करून पाठवली. १९४७ च्या अखेरीस ॲमिनोप्टेरिन मुलांना दिले गेले. १९४८ च्या जूनमध्ये फार्बरनी सोळा मुलांची हकिगत छापली. त्यांतील दहा मुलांचा रोग मागे हटला होता. कायमचा नव्हे, काही काळापुरता. पण औषधाने हा रोग मागे हटू शकतो हे प्रथमच दिसले. त्याच औषधाचे भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. आज इतर औषधांच्या जोडीने ते लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरतात, आणि प्रगत देशांत या रोगाच्या मुख्य प्रकारातील दहापैकी जवळजवळ नऊ मुले वाचतात. संधिवाताच्या रोग्यांनाही आठवड्यातून एकदा त्याची गोळी देतात. आपल्या सभासदांपैकी कोणाच्या घरातही ती असेल.

सुब्बाराव १९४८ च्या ऑगस्टमध्ये झोपेतच वारले. वय ५३. मोठे पारितोषिक नाही, त्यांच्या देशात त्यांचे नाव फारसे कोणाला माहीत नाही. टपाल खात्याने तिकीट काढले ते १९९५ मध्ये, जन्मशताब्दीला.

ही हकिगत आम्ही त्या मुलीच्या वडिलांना सांगितली. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हणजे भलं दुसऱ्यांचंच झालं." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते, आणि ते खोटे आहे असेही आम्ही म्हणणार नाही. एखाद्या घराला त्यागाची गोष्ट सांगून त्या घराचा हप्ता भरला जात नाही. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांसाठीच राबायचे काम केले, त्यांना आणखी एकदा त्याग करा म्हणताना आमची जीभ अडखळते. म्हणून आम्ही तिला वेगळे विचारले : "तुला यात स्वतःला काय मिळतं?" ती म्हणाली, "वॉर्डात मी दुसऱ्यांनी लिहिलेलं वापरत होते. इथे जे कोणालाच माहीत नाही ते आधी मला दिसतं. एखाद्या दिवशी. वर्षातून एखादा दिवस." आम्हांला हे पटले. बाकीच्या तीनशे चौसष्ट दिवसांचे काय, हेही तिने लपवले नाही. गाईड वेळ देत नाहीत, निबंध मासिकाकडून परत येतो, परीक्षकांचे शेरे बोचतात, बरोबरीच्या मैत्रिणी एम.डी. होऊन गाडी घेतात. निबंध परत येण्याबद्दल मात्र तिला आम्ही एकच आठवण करून दिली : बाबासाहेबांचा लंडनचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंधही परीक्षकांनी सुधारून आणा म्हणून परत दिला होता, आणि तो मुंबईत बसून सुधारून त्यांनी १९२३ मध्ये डी.एस्सी. घेतली. बँकेत काम करणाऱ्याने ही गोष्ट विसरायची नसते.

डॉक्टर असण्याचा तिला तिथे उपयोग होतो का, हेही आम्ही विचारले. तिच्या शेजारच्या टेबलांवर बहुतेक जण विज्ञानाचे पदवीधर, हाताने काम करण्यात तिच्यापेक्षा तरबेज. पहिले वर्ष ती त्यांच्याकडून साध्या साध्या गोष्टी शिकत होती; वॉर्डात 'मॅडम' आणि इथे कोणी विचारत नाही. परंतु चर्चेत बसल्यावर ती एकटीच सांगू शकते की हे औषध एवढ्या मात्रेत दिले तर रोग्याच्या मूत्रपिंडाचे काय होईल, किंवा ज्या गाठीबद्दल तुम्ही बोलता ती बाई आठ तासांचा प्रवास करून येते आणि दुसऱ्या डोसला येतच नाही. आम्हांला वाटते, डॉक्टरने या वाटेला जाण्याचे खरे कारण हेच आहे.

ज्यांना या वाटेने जायचे नाही त्यांनी कमीपणा मानू नये. वस्तीला दवाखानाही पाहिजे, आणि रात्री बारा वाजता दार उघडणारा डॉक्टर आम्हांला कोणत्याही शोधनिबंधाइतकाच प्रिय आहे. तसेच कला शाखेच्या मुलांनीही आपला रस्ता बंद झाला असे समजू नये. १९८९ मध्ये ज्या दोघांना कर्करोगाच्या जनुकांवरील कामाबद्दल नोबेल मिळाले, त्यांतले हॅरॉल्ड वार्मस आधी इंग्रजी साहित्य घेऊन एम.ए. झाले आणि मग डॉक्टरकीला गेले. आम्ही हे वाचले तेव्हा घरात मोठ्याने सांगितले, पण कोणी फारसे लक्ष दिले नाही.

आता पैशाचे बोलतो, कारण सभागृहात बसलेले पालक त्याचीच वाट पाहत आहेत. केंद्र सरकारच्या संशोधन फेलोशिपचा दर जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ फेलोला महिना ३७ हजार आणि वरिष्ठ फेलोला ४२ हजार रुपये आहे. घरभाडे भत्ता निराळा. डॉक्टरच्या मानाने हे थोडे आहे, हे उघड आहे. पण हे शिकण्याचे पैसे आहेत आणि ते परत करायचे नसतात, हा फरक आमच्या टेबलावरून स्पष्ट दिसतो. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय फेलोशिप २००५-०६ पासून आहे. १९९० च्या कायद्यातील दुरुस्तीने बौद्धांना केंद्राच्या सवलती लागू झाल्या, तरीही दाखल्यावरील जात-धर्माच्या नोंदीवरून अर्ज अडकतात. दाखला केंद्राच्या नमुन्यातच काढावा. पुण्याच्या बार्टीचीही फेलोशिप आहे. परदेशी जायचे तर केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. नियम दर वर्षी बदलतात, त्यामुळे त्या त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी, मित्राने सांगितलेल्यावर विसंबू नये.

कर्ज घेऊन एम.बी.बी.एस. केले असेल तर संशोधनाला जाण्याआधी शाखेत लेखी कळवावे. हप्ता सुरू होण्याची तारीख, चढत असलेले व्याज, पुढील शिक्षणासाठी मुदत वाढते का, हे सारे लेखीच विचारावे आणि लेखीच उत्तर घ्यावे. आमच्या शेजारच्या मुलीने तसे केले. व्याजाची रक्कम ती दर महिन्याला फेलोशिपमधून भरते, त्यामुळे मुद्दल फुगलेले नाही. फेलोशिपचा पैसा मधे चार-चार महिने येत नाही, तेव्हा तिचे वडील भरतात. ते अजून राजी झालेले नाहीत, पण पावती जपून ठेवतात.

ज्या विद्यार्थ्यांना अर्ज भरायचे आहेत, त्यांनी दर शनिवारी संध्याकाळी सहानंतर मंडळाच्या कार्यालयात यावे. आम्ही तिथे असतो. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि गुणपत्रिका यांच्या मूळ प्रती व दोन-दोन झेरॉक्स घेऊन या. ती मुलगी सुट्टीला आली असेल तर तीही येते. तिला काय विचारायचे असेल ते तिलाच विचारा.